फुगवट्याचे दिवस

"तीन नंबरच्या मिलचे रोलर उतरवायचे, ब्रासचे बेअरिंग बदलायचे, परत चढवायचे. किती दिवस धरू, दिनूअण्णा?"

दिनकर कुंभार हे बोरखिंडी साखर कारखान्याचे मिल फोरमन. एकतीस हंगाम अंगावर घेतलेला माणूस. प्रश्न ऐकून त्यांनी नेहमीसारखं वर पत्र्याकडे बघितलं, ओठातल्या ओठात काहीतरी जुळवलं, मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "सहा दिवस धरा साहेब."

भिंतीवरच्या पडद्यावर आकडा उमटला: तीन दिवस, दोन तास.

बैठकीच्या खोलीत हशा पिकला. बॉयलरचे फोरमन पवार तर टेबलावर थाप मारून हसले, पण त्यांचाही नंबर येणारच होता, त्यामुळे ते हसू फार टिकलं नाही. दिनूअण्णांनी डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढून उलटंपालटं करून पाहिलं आणि शांतपणे परत घातलं.

"पुढचं विचारा," ते म्हणाले.

विचारणारा होता श्रेणिक मगदूम, कारखान्याचा नियोजन अधिकारी. वय एकोणचाळीस. गळीत हंगाम मार्चमध्ये संपला की ऑक्टोबरात बॉयलर पेटेपर्यंत सगळी यंत्रं खोलून, घासूनपुसून, बदलून परत जोडायची असतात. ह्या कामाला कारखान्यात सगळे ओव्हरऑइलिंग म्हणतात, आणि तो शब्द बरोबर की चूक ह्या वादात कुणी पडत नाही. ह्या सहा महिन्यांतलं एकूण एक काम श्रेणिकच्या आराखड्यात असायचं. कोण, कधी, किती दिवस, कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर.

श्रेणिकचा आराखड्यांवर जीव होता. सकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी उठायचं, दिवसाची तीनच मोठी कामं वहीत लिहायची, पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती, असा त्याचा शिरस्ता. घरी फ्रिजच्या दारावर त्यानं तीन रकाने आखले होते: करायचं, चाललंय, झालं. एकदा बायकोनं त्याची वही सहज उघडली तर आत लिहिलेलं, 'त्रिशलाशी बोलणे, वीस मि.' आणि पुढे बरोबरची खूण. ती दोन दिवस हसत होती. तिसऱ्या दिवशी हसायची थांबली, ते मात्र त्याच्या लक्षात आलं नाही.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या हातात २०३९ साली ही टोपी आली, म्हणजे दिनूअण्णांच्या डोक्यावरचं ते पिवळं हेल्मेट. कंपनीनं तिचं नाव 'अदमास' ठेवलं होतं. कामगारांनी पहिल्याच आठवड्यात बारसं करून तिला 'सासू' म्हणायला सुरुवात केली, कारण आपण तोंड उघडायच्या आत हिला सगळं कळतं.

ह्या टोपीमागचं शास्त्र तसं समजायला अवघड नाही. एखादं ओळखीचं काम आपण मनात आणतो, तेव्हा मेंदू त्या कामाचं नुसतं चित्र बघत नाही, तो ते करूनच बघतो. पाना उचलायचा, नट सैल करायचा, बाजूला ठेवायचा, वाकून खालचा चाचपायचा. एकेका पायरीला मेंदूतल्या पेशींचा एकेक गट जागा होतो, अगदी प्रत्यक्षात होतो त्याच क्रमानं, फक्त भराभर. तासाभराचं काम दीडदोन सेकंदांत उरकतं. ह्या धावत्या तालमीतून अतिशय क्षीण असे चुंबकीय ठोके बाहेर पडतात. पूर्वी ते टिपायला खोलीएवढं यंत्र लागायचं. मग तांदळाच्या दाण्याएवढे संवेदक निघाले, आणि असे बारा दाणे हेल्मेटच्या आतल्या पट्टीत आरामात मावले.

प्रत्येकाच्या तालमीचा वेग वेगळा. म्हणून आधी दहाबारा नेहमीच्या कामांवर माणसाचं माप घ्यायचं: मनात किती ठोके पडले आणि प्रत्यक्ष हातांना किती वेळ लागला. हे प्रमाण एकदा कळलं की काम झालं. टोपीला काम कसलं आहे ते कळत नाही, तिला फक्त पायऱ्या मोजता येतात, पण तेवढं पुरतं. माणूस तोंडानं सहा दिवस म्हणो की साठ, त्याच्या मनानं ते काम किती दिवसांत केलंय ते टोपी सांगते. तोंडातला आकडा आणि मनातला आकडा ह्यांच्यातला फरक म्हणजे फुगवटा.

फुगवटा सगळेच ठेवतात हे काय श्रेणिकला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. फोरमन वाढवून सांगणार, हा कापून घेणार, ते कापणार हे धरून आणखी वाढवणार. दरवर्षीचा खेळ होता तो. आता खेळच मिटला. चारशे बारा कामांचा आराखडा सहा दिवसांत नव्यानं तयार झाला आणि ओव्हरऑइलिंग सदतीस दिवसांनी आखडलं. सप्टेंबरअखेर संपायचं ते काम ऑगस्टच्या चोवीस तारखेला संपणार होतं. श्रेणिकनं तो आकडा तीनदा तपासला आणि मग खुर्चीत मागे टेकून एकटाच हसला.

त्या संध्याकाळी तो सांगलीला घरी पोहोचला तो थेट स्वयंपाकघरात गेला.

"सदतीस दिवस," तो म्हणाला.

त्रिशला भाकरी थापत होती. ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत चौदा वर्षं शिकवत होती, त्यामुळे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय उत्तर द्यायची नाही. तिनं तवा उतरवला आणि वळली. "कसले?"

कसले ते त्यानं सांगितलं. मग तिनंही आपलं सांगितलं, खरं तर आठवण करून दिली. नाशिकला कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघत होतं. ते उभं करायला दोन वर्षांसाठी तिला बोलावणं आलं होतं. हे बोलावणं पहिलं नव्हतं, तिसरं होतं. पहिल्या वर्षी श्रेणिक म्हणाला, हा हंगाम जाऊ दे. दुसऱ्या वर्षी म्हणाला, ह्या ओव्हरऑइलिंगनंतर बघू. लेक चार्वी आठ वर्षांची, शाळा सांगलीत, मल्लखांबाचा वर्ग सांगलीत, तिला उपटून न्यायची दोघांचीही इच्छा नव्हती. म्हणजे त्रिशला गेली तर घर आणि चार्वी श्रेणिककडे. ती महिन्यातून दोनदा येणार.

"तीस सप्टेंबरच्या आत कळवायचंय," ती म्हणाली. "रुजू व्हायचं पंधरा ऑक्टोबरला. ह्या वेळी नाही म्हटलं तर ते चौथ्यांदा विचारणार नाहीत, श्रेणिक. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलंय."

"आत्ता कळव की. एक सप्टेंबरपासून मी रोज साडेपाचला चार्वीच्या मल्लखांबाच्या दारात उभा. अगं, यंत्रानं काढलेला आराखडा आहे हा. ह्यात अंदाजाचा भागच नाही."

त्रिशलानं तवा परत गॅसवर ठेवला. तिला फार जायचं होतं. इतकं जायचं होतं की गेल्या दोन नकारांनंतर तिनं नाशिकचं नावही घरात काढलं नव्हतं. "सप्टेंबर बघते आणि मग कळवते," ती म्हणाली. त्याला ते जरा लागलं, पण आकडे आपल्या बाजूनं आहेत म्हणून त्यानं वाद घातला नाही.

जूनपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं. चेअरमन धनवडेसाहेब खूश झाले, आणि चेअरमन खूश झाले की स्वस्थ बसत नाहीत. शेजारच्या तालुक्यातल्या एका नव्या कारखान्याला फिटर कमी पडत होते. साहेबांनी आपले अठ्ठावीस फिटर आणि वेल्डर पंचवीस ऑगस्टपासून सहा आठवड्यांसाठी तिकडे द्यायचं कबूल करून टाकलं. आराखड्यात ती माणसं मोकळीच होती. श्रेणिकनंच तो तक्ता दाखवला होता.

जुलैत पहिलं घोडं अडलं. टर्बाइनचं सील चुकीच्या मापाचं आलं, परत पाठवून बरोबर मापाचं यायला आठ दिवस गेले. मग क्रेनची मोटर जळाली. मग दोन वेल्डर तापानं पडले. ह्यात जगावेगळं काही नव्हतं, असलं दरवर्षी होतं. पण दरवर्षी आराखडा शेवटी वेळेवरच संपायचा, आणि ह्या वर्षी प्रत्येक खोळंबा पुढच्या कामावर जाऊन आदळत होता. श्रेणिकला कोडं सुटेना. तो जुने अहवाल काढून बसला. दहा वर्षांत एकदाही ओव्हरऑइलिंग दोन दिवसांच्यावर लांबलं नव्हतं.

शेवटी एका गुरुवारी तो दिनूअण्णांना शोधत वर्कशॉपच्या मागे गेला. तिथे कडुनिंबाखाली एक तुटकं बाकडं होतं आणि दिनूअण्णा एकटेच चहा पीत बसले होते.

"एकटेच?"

"आता कोण येतंय," दिनूअण्णा म्हणाले. "पूर्वी आम्ही चौघं बसायचो. मिल, बॉयलर, टर्बाइन आन पॅन, चार खात्यांचं फोरमन. दर गुरुवारी, तीनच्या चहाला. बसा."

श्रेणिक बसला. दिनूअण्णांनी त्याला कपात अर्धा चहा ओतून दिला.

"साहेब, तीन नंबरच्या मिलला मी सहा दिवस मागितलं. माझं काम तीनच दिवसाचं हाय, सासू खोटं बोलत न्हाई. पण वरचं तीन दिवस मी काय घरी न्यायला मागत न्हवतो. पवारचं वेल्डिंग कधी आडंल, टर्बाइनचा माल कधी चुकीचा यील, हे आधी कुणाच्या डोक्यात आसतंय व्हय? आन जे डोक्यातच न्हाई, ते टोपीला कुठनं दिसणार? म्हणून आम्ही सगळीच जास्त मागायचो. गुरुवारी हितं बसलो की ज्याचं आडलंय त्यो बोलायचा, ज्याचं उरलंय त्यो माणसं द्यायचा. पवारनं माझी नड भागवली, मी टर्बाइनवाल्याची. तुमच्या कागदावर सगळं येळंवर."

श्रेणिकनं कप बाकड्यावर ठेवला. दहा वर्षं तो ज्याला आपल्या नियोजनाचं यश समजत होता, ते ह्या बाकड्यावर चाललेलं होतं.

"मला कधी बोलला नाहीत," तो म्हणाला.

"बोललो आसतो तर तुम्ही कापलं आसतं," दिनूअण्णा म्हणाले. त्यात राग नव्हता. नुसतं खरं होतं ते त्यांनी सांगितलं.

आता करायचं काय? माणसं तर पंचवीस ऑगस्टला जाणार होती, शब्द दिला गेला होता. आणि हा आराखडा चुकला असं चेअरमनना जाऊन सांगणं म्हणजे आपल्याच हातानं आपलं नाक कापून घेणं. श्रेणिकनं ते केलं नाही. त्याऐवजी त्यानं कंबर कसली. पुरवठादाराच्या मागे लागायला स्वतः गेला, क्रेनच्या मोटरीसाठी स्वतः कोल्हापूरला गेला, रविवारी स्वतः उभा राहून यंत्रांची अलाइनमेंट करून घेतली. कापलेले दिवस कुठून तरी भरून निघायलाच हवे होते. ते श्रेणिकच्या संध्याकाळींतून आणि रविवारांतून निघू लागले, आणि आराखडा कागदावर पुन्हा वेळेवर दिसू लागला.

पंचवीस ऑगस्टला माणसं शेजारच्या कारखान्यात गेली, मागे चाचण्या आणि किरकोळ कामं उरली. सप्टेंबर उजाडला. पहिल्या तारखेला तो खरंच साडेपाचला मल्लखांबाच्या वर्गाबाहेर उभा होता. चार्वी त्याला बघून इतकी चकित झाली की आधी तिला वाटलं, आईला काही झालं की काय. दुसऱ्या दिवशीही तो गेला. तिसऱ्या दिवशी पाच वाजता रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांची गळती निघाली.

"निघालोच," तो फोनवर म्हणाला. "पाच मिनिटांत निघतो."

चार्वीला शेजारच्या शकुंतलाकाकूंनी घरी आणलं. चौथ्या दिवशीही त्यांनीच आणलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारणं सोडून दिलं आणि रोज सव्वापाचला आपणहून चपला घालू लागल्या. श्रेणिकचा फोन मात्र रोज यायचा, अगदी न चुकता. निघालोच, आलोच, गेटपाशी आहे, हे एवढं आटपतो. तो खोटं बोलत होता असं कुणी म्हणू नये. फोन ठेवताना त्याला स्वतःलाही ते खरंच वाटत असे.

त्रिशला भांडली नाही. ती काही मोजतही नव्हती. एकदाच, चार्वी झोपायला गेल्यावर, तिनं विचारलं, "श्रेणिक, तुझ्याच्यानं होणार नसेल तर तसं सांग. मी तिसऱ्यांदा नाही कळवीन. पण मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"बॉयलरची टेस्ट होऊ दे. वीस तारीख. त्यानंतर मी मोकळा."

वीस तारखेला बॉयलर इन्स्पेक्टर आले. बॉयलरमध्ये पाणी भरून दाब चढवला आणि नेमून दिलेल्या दाबाच्या आतच सात नळ्यांनी पाणी सोडलं. नळ्या बदला, मग बोलवा, असं सांगून ते निघून गेले. नळ्या बदलायला वेल्डर हवेत आणि वेल्डर शेजारच्या तालुक्यात. पवारांनी हात वर केले. तेव्हा कुठे श्रेणिक चेअरमनच्या केबिनमध्ये गेला.

"साहेब, निदान दहा माणसं परत बोलवा. अकरा दिवस लागतील."

धनवडेसाहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याला बसवलं, पाणी मागवलं. मग कपाटावरचं हेल्मेट काढून त्याच्यापुढे सरकवलं. "घाला श्रेणिकराव. आणि परत सांगा."

त्यानं घातलं. त्याचं माप सुरुवातीलाच घेतलेलं होतं. सात नळ्या मनात आणल्या. कापायच्या, काढायच्या, नव्या बसवायच्या, जोडायच्या, पुन्हा दाब चढवायचा.

"अकरा दिवस," तो म्हणाला.

चार दिवस, सहा तास. साहेबांनी पडदा त्याच्याकडे वळवून दाखवला.

"हे कोण खोटं बोलतंय?" साहेब हसून म्हणाले. "टोपी तुम्हीच आणलीत. चार दिवसांचं काम आहे, आहे त्या माणसांत सहा दिवसांत करा. दोन दिवस माझ्याकडून बोनस."

"साहेब, सात नळ्या दिसल्या तेवढ्या. दाब वाढवल्यावर आठवी फुटली तर? नळ्यांचा माल कमी पडला तर? ते माझ्या मनात नाही म्हणून टोपीत नाही."

"मग तुम्ही आहात की," साहेब म्हणाले. "तुम्ही कधी कामाला कमी पडलात का?"

हे कौतुक होतं. गाडीत बसल्यावर श्रेणिकला ते शब्द पुन्हा आठवले, आणि त्यानं गाडी सुरूच केली नाही. सगळ्यांचा फुगवटा आपण काढून घेतला, दिनूअण्णांचा, पवारांचा, टर्बाइनवाल्यांचा. एकाचाच शिल्लक आहे. आपल्या घराचा. तिथले तास कुणी कापले तरी आराखड्यात कुठे लाल रेघ उमटत नाही, म्हणून आपण तिथूनच काढत आलो. आणि हे यंदाचंच नाही, दहा वर्षांचं आहे. त्याला मनापासून लाज वाटली. एवढं कळूनही त्या आठवड्यात तो एकदाही साडेपाचला घरी गेला नाही, कारण आठवी नळी फुटली. मागोमाग नववीही.

तीस सप्टेंबरला दुपारी चार वाजता त्रिशला कारखान्यात आली. लग्नानंतर ती इथे फार तर दोनदा आली असेल. दारावरच्या माणसानं तिला हेल्मेट दिलं आणि श्रेणिकच्या केबिनकडे बोट दाखवलं. श्रेणिक तिला बघून उभाच राहिला.

"चार्वी?"

"चार्वी बरी आहे. काकूंकडे आहे. बस तू." ती समोरच्या खुर्चीत बसली. त्याच्या मागच्या भिंतीवर मोठा पडदा होता आणि त्यावर नववी नळी लाल होऊन पडली होती. तिनं टेबलावरच्या हेल्मेटकडे बोट दाखवलं. "ही ती टोपी ना? घाल."

"त्रिशला, आत्ता..."

"घाल. एकच प्रश्न आहे. वीस मिनिटंसुद्धा नाही लागणार."

त्यानं घातली. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, नेहमीसारखी.

"सोमवारची सकाळ. मी घरात नाहीये. चार्वीला शाळेत पोचवायचंय. सांग, किती वेळ?"

हे तर सोपं होतं. उठवायचं, डबा, गणवेश, रिक्षा. "सव्वा तास," तो म्हणाला. मग सवयीनं थोडं वाढवून म्हणाला, "दीड धर."

पडद्यावर मजकूर आला. पायऱ्या: चार. वेळ: सांगता येत नाही.

"असं होत नाही कधी," श्रेणिक म्हणाला. त्यानं टोपी डोक्यावर नीट दाबून बसवली, डोळे मिटले, परत सोमवार मनात आणला. उठवायचं. डबा. डब्यात काय? त्यापुढे काही येईना. गणवेश कपाटात असणार, कुठल्या कप्प्यात? चार्वी दूध पिते की नाही? रिक्षावाल्याचं नाव काय? मनातली चार्वी अंथरुणातून उठली आणि थेट शाळेच्या फाटकात उभी राहिली, मध्ये काहीच नव्हतं. पायऱ्या: चार.

"बॅटरी गेली असेल," तो म्हणाला.

त्रिशलानं हात पुढे केला. त्यानं टोपी काढून तिला दिली. तिनं आपलं साधं हेल्मेट काढून ही घातली आणि खिडकीबाहेर बघत दोन सेकंद गप्प राहिली. तिचं माप घेतलेलं नव्हतं, त्यामुळे यंत्राला वेळ सांगता येत नव्हता. पायऱ्या तेवढ्या सांगितल्या. एकशे छत्तीस.

बाहेर वर्कशॉपमध्ये कुणीतरी घण घालत होतं.

"मी चिडले नाहीये," त्रिशला म्हणाली. "आधी वाटायचं तू मला फसवतोस. गेला महिनाभर बघतेय, तू फसवत नाहीस. आलोच म्हणतोस तेव्हा तुला खरंच यायचं असतं. पण घरी येऊन काय करायचं ते तुझ्या मनात कधी येतच नाही, म्हणून तू निघत नाहीस. नळ्यांना तुझ्या मनात कितीतरी पायऱ्या असतील. आम्हाला चार आहेत."

श्रेणिकनं हात मागे नेऊन पडदा बंद केला.

"मग नाही कळवणार?" त्यानं विचारलं. स्वतःच्या आवाजातली आशा त्याची त्यालाच ऐकू आली आणि त्यानं मान खाली घातली.

"दुपारी बारा वाजता हो कळवलंय," ती म्हणाली. "पंधरा तारखेला जातेय. चार्वीला तुझ्याकडे ठेवून. मी परवानगी मागायला आले नाही, तुला सांगायला आले. आज सांगितलं तर तुझ्याकडे पंधरा दिवस असतील."

"आणि नाही जमलं तर?"

"तर चार्वीचे हाल होतील, आणि मला परत यावं लागेल," त्रिशला म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "ते मला नकोय. म्हणून विचारते. किती दिवसांत शिकशील?"

श्रेणिकच्या तोंडात आकडा तयारच होता. पंधरा दिवसांचे दोन टप्पे, पहिल्या आठवड्यात तिच्याबरोबर, दुसऱ्यात एकट्यानं, बारा दिवसांत आटोपेल. त्यानं तोंड उघडलं. त्रिशला वाट बघत होती.

"माहीत नाही," तो म्हणाला.

टेबलावरचा फोन वाजला. बॉयलरवरून पवार होते. नवव्या नळीचं वेल्डिंग निसटलंय, साहेब जरा येऊन जाता का, पाच मिनिटं. श्रेणिकनं त्रिशलाकडे बघितलं नाही. तो फोनवर म्हणाला, "उद्या सकाळी नऊला येतो, पवार. आज जेवढं होईल तेवढं करा. चेअरमनना मी लेखी देतोय की आणखी अकरा दिवस लागणार. माणसं बोलवायची की बॉयलर उशिरा पेटवायचा ते त्यांनी ठरवावं." पलीकडून पवार "बरं" म्हणाले.

त्यानं फोन ठेवला. उद्या साहेबांपुढे उभं राहायचं होतं आणि साहेब ह्या वेळी पाणी मागवणार नव्हते. नोकरी जाईल की नुसतं पद जाईल, हेही त्याला सांगता आलं नसतं.

"निघू या?" त्रिशलानं विचारलं.

"थांब जरा. आधी सोमवार सांग."

"एकशे छत्तीसच्या एकशे छत्तीस?"

"पाचला निघू. वीस मिनिटं आहेत. जेवढ्या होतील तेवढ्या."

त्रिशलानं टोपी काढून बाजूला ठेवली, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि शाळेत नव्या मुलाशी बोलते तशी, सावकाश, त्याच्या डोळ्यांत बघून बोलू लागली.

"पहिलं म्हणजे, तिला हाक मारून उठवायचं नाही. तिला त्रास होतो. शेजारी जाऊन बसायचं आणि पाठीवर हात ठेवायचा. मग ती आपणच उठते, पण लगेच नाही. तोवर तिथून हलायचं नाही."

"किती वेळ?" श्रेणिकनं विचारलं.

"ती उठेपर्यंत," त्रिशला म्हणाली.